सणाची दारू आणि आपले हृदय
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, सरकारी नोकरी करणारी साधी माणसे. पण दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला एका मित्राला घेऊन मुधोळहून निजामाबाद गाठावे लागले. वय अडतीस. ना बीपी, ना शुगर. रात्रभर मिरवणुकीत नाचला, मधून मधून घेत राहिला. सकाळी छाती धडधडू लागली, दम लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ठेका चुकला आहे. असा ठेका चुकत राहिला तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवाही मारू शकतो.

या त्रासाला नाव आहे, ‘हॉलिडे हार्ट’. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी ते दिले. शनिवार-रविवारी, सणासुदीला जास्त पिऊन असे रुग्ण दवाखान्यात येत. क्वचित पिणाऱ्यालाही एका रात्रीत जास्त घेतल्याने हे होऊ शकते. रोज पिणाऱ्याचे बीपी वाढते आणि वर्षानुवर्षे प्यायल्याने हृदयाचा स्नायू कमजोर होतो.

“थोडी घेतली तर हृदयाला चांगली,” असे आपण ऐकतो. जुन्या अभ्यासांत तसे दिसले खरे. पण ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे सोडलेलेही मोजले गेले होते. त्यांच्यापुढे थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच! जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. ६० मिलीच्या एका व्हिस्कीच्या पेगात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. शिंदी झाडाची म्हणून औषध ठरत नाही. आंबली की तीही दारूच.

जे रोज घेतात त्यांनी एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. अचानक सोडल्यानेही झटके येऊ शकतात. आणि मिरवणुकीत कुणाची छाती दुखली, धडधड थांबेना, तर “चढली असेल” म्हणून झोपवू नका. १०८ ला फोन करा.

आमचा तो मित्र आजही ढोल वाजवतो, पाणी पिऊन. ठेका चुकत नाही, ढोलाचाही आणि हृदयाचाही. यंदा आपण सगळेच तसे वाजवू या.

गणपती बाप्पा मोरया!