पोटातल्या जिवाणूंचंही वय असतं

मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी १९९३ साली राज्यभर गाजली. तेव्हापासून धारणी-चिखलदऱ्याचं नाव निघालं की मागोमाग कुपोषण हा शब्द येतोच. त्यावर आपल्याला उपाय एकच सुचतो, भरपूर खाऊ घाला. पण काही मुलं उपचारानं वजन धरतात आणि घरी गेल्यावर पुन्हा खंगतात. असं का व्हावं?

याचं एक उत्तर आतड्यात सापडतं. बाळ जन्मताच तिथं जिवाणू वस्तीला येतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बिफिडो जातीच्या जिवाणूंसाठी. हे जिवाणू आतड्यात आम्लता राखतात, त्यामुळे रोगजंतूंना पाय रोवणं अवघड जातं. पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध, घुटी चाटवणाऱ्या आजीबाईंनी हे जरूर ऐकावं.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की ही वस्ती बदलू लागते आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या माणसासारखी होते. ढाक्यातल्या कुपोषित मुलांमध्ये मात्र ती वयाच्या मानानं मागे राहिलेली जेफ्री गॉर्डन आणि तहमीद अहमद यांच्या गटाला आढळली. नेहमीच्या उपचार-आहारानं ती पुरती सुधारत नव्हती. मग त्यांनी जिवाणूंनाच मानवेल असा आहार तयार केला. हरभरा, सोयाबीन आणि शेंगदाण्याचं पीठ, सोबत कच्चं केळं. २०२१ साली निष्कर्ष आले. उष्मांक कमी असूनही या आहारावरच्या मुलांचं वजन अधिक वेगानं वाढलं होतं.

ही यादी अस्सल वऱ्हाडी वाटत नाही का? हरभरा, सोयाबीन अकोल्याच्या बाजार समितीत पोत्यांनी उतरतं, केळी अकोट-अंजनगावकडे पिकतात. सोयाबीन आपण ट्रक भरभरून तेल गिरणीला धाडतो, आणि बाळाच्या वाटीत वरणाचं पाणी, नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटपुडा!

ढाक्यातलं मिश्रण मोजूनमापून, वैद्यकीय देखरेखीखाली दिलेलं होतं. आजारी, खंगलेल्या मुलाला अंगणवाडीत, दवाखान्यातच न्यावं. साध्या जुलाबाला दुकानातून अँटिबायोटिक आणू नये, त्यानं चांगले जिवाणूही मरतात. तिथं जलसंजीवनी आणि झिंक हवं. आणि सहा महिन्यांनंतर वरण द्यायचं ते घोटून, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट.