एका नुक्त्याची गोष्ट



आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्थानिक इतिहासावर व्याख्यान होतं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, पण इथली माती फार जुनी आहे, एवढ्या भांडवलावर काही निवृत्त शिक्षकांनी हा उद्योग सुरू केला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथले लोक होते आणि त्यांची नावं तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची वेलस्लीशी लढाई झाली. असे विषय, पंधरा-वीस श्रोते आणि शेवटी चहा. मीही जायचो, कवीला चहा आणि श्रोते दोन्ही लागतात.

मग ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी कुठं सापडतात, हे पाहायचं होतं. शोध थेट हैदराबादपर्यंत गेला. घरोघरी वंशावळी मांडल्या जाऊ लागल्या. पणजोबांच्या नोंदीपासून आपल्यापर्यंतची साखळी कागदावर जुळायला हवी होती. आमच्या खोलीत बसायला जागा पुरेना. लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद घेऊन यायला लागले.

आरक्षण कुणाला मिळावं, हा सरकारचा आणि न्यायालयाचा प्रश्न आहे. मला बोलायचं आहे ते कागद वाचण्याविषयी.

हे कागद दोन लिप्यांतले. गावपातळीवरचं दप्तर बहुधा मोडीत. वरच्या कचेरीतलं उर्दूत, कारण १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. ज्याला सरकारी नोकरी हवी त्यानं उर्दू शिकायची, मग तो देशपांडे असो की पाटील. निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या प्रशासनात होते. फारसी-उर्दूवर हुकमत होती, म्हणूनच मोगलकालीन साधनं त्यांना मराठीत आणता आली. पुढं १९४८ ला संस्थान गेलं, १९५६ ला भाषा बदलली आणि दोन पिढ्यांत आपल्याच आजोबांचा अर्ज आपल्याला वाचता येईनासा झाला.

मला येतो, तो आजोबांमुळं. शाळा मराठी, कविता मराठी. पण संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसवून उर्दू गिरवून घ्यायचे. त्यामुळं मंडळींनी मला एका टेबलामागं बसवलं.

एका रविवारी विशी-बाविशीतला एक मुलगा आजीला घेऊन आला. कागद फसली १३२० चा. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९१० च्या सुमाराचा. अक्षर शिकस्ता. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. मोडीचं नावही मोडण्यावरूनच आलं असं मानतात. दोघी घाईनं लिहिणाऱ्यांच्या लिप्या.

"चाचा, हितं कुणबीच लिवलंय ना?" मुलानं एका शब्दावर बोट ठेवलं.

उर्दूत कुणबी हा शब्द काफ, नून, बे, ये असा लिहितात. मधले नून आणि बे जोडून आले की दोघांचा एकेक दात तेवढा उरतो. वर नुक्ता दिला तर नून, खाली दिला तर बे. 'खुदा' आणि 'जुदा' यांतला फरकही नुक्त्याच्या जागेचाच. इथं काफ स्पष्ट होता. पुढं दोन दात दिसत होते, पण त्यांच्या वरखाली कसरीनं भोकं पाडलेली. शेवटचं अक्षर कागदाच्या घडीत विरलेलं.

मी तसं सांगितलं. मुलगा हळूच म्हणाला, "दोनच टिंबं हायेत, चाचा. देऊन टाका की. कुणाला कळणार हाय?"

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. त्याच्या डोळ्यांत कॉलेजची फी दिसत होती. नाही म्हटलं, तर 'मुसलमान आहे म्हणून वाचलं नाही' असं गावात होईल, हीही भीती मनाला शिवून गेली. आणि टिंबं दिली, तर याआधी वाचून दिलेल्या सगळ्या कागदांवरचा विश्वास गेला. त्यात ज्यांच्या नोंदी खऱ्याच होत्या, त्यांचं काय?

कोऱ्या कागदावर दिसलं तेवढं उतरवलं. त्या शब्दाच्या जागी 'काफ' लिहून पुढं रिकामी चौकट ठेवली. म्हटलं, "बाळा, दुसऱ्या जाणकारालाही दाखव. मला एवढंच दिसतंय." तो काही न बोलता उठून बाहेर गेला.

आजी मात्र बसून राहिली. "बाकीचं तरी वाच, बाबा."

मी चतुःसीमा वाचली. पूर्वेला ओढा, दक्षिणेला तकियाची इनाम जमीन, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला विहीर आणि आंब्याची दोन झाडं. आजी सावरून बसली. "त्यातला एक आंबा म्या पाहिलाय. शेंदऱ्या म्हणायचे त्याला. बहात्तरच्या दुष्काळात वाळला." मग थोड्या वेळानं विचारलं, "माझ्या सासूचं नाव हाय का त्यात?"

नव्हतं.

"जल्मभर तीच खपली की त्या वावरात," आजी म्हणाली.

घरी येऊन मी आमचा शजरा काढला. शजरा म्हणजे आमच्याकडची वंशावळ; शब्दाचा अर्थ झाड. चार पिढ्यांचे पुरुष ओळीनं उभे, बाई एकही नाही. पणजीला सगळे मंठेवाली म्हणायचे, माहेर मंठा म्हणून. तिचं नाव सांगू शकेल असं घरात कुणी उरलं नाही. आमच्याही झाडात रिकामी चौकट निघाली.

पुढच्या महिन्यात व्याख्यान माझं होतं. मी या दोन चौकटींवरच बोललो. तेव्हापासून दर व्याख्यानानंतर एक तास कागदवाचनाचा ठेवला आहे. नियम साधे आहेत. मूळ कागदावर पेन टेकवायचं नाही. जे वाचता येत नाही तिथं जागा मोकळी सोडायची. आणि वंशावळीत प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या आईचं आणि बायकोचं नाव विचारायचं.

श्रोतेहो, तुमच्याही घरी ट्रंकेत असा एखादा कागद असेल. त्याला लॅमिनेशन करू नका. नंतर ते निघत नाही आणि कागद वाया जातो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आजीचं नाव विचारा. भोगवर्धनच्या माणसांची नावं दोन हजार वर्षं टिकली, कारण कुणीतरी ती वेळेवर कोरून ठेवली.

ती आजी आता दर दुसऱ्या रविवारी येते, पुढच्या रांगेत बसते. नातू तिला मोटारसायकलवर आणून सोडतो. तो अजून आत आलेला नाही. बाहेर गाडीवर बसून राहतो. खिडकी मात्र आम्ही उघडी ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)