रँग्लर परांजपे: दिलेल्या शब्दाची गोष्ट

वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या भागात आज कुठेही जा, कॉलेजांच्या टोलेजंग इमारती दिसतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा इकडे भातशेती, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. आता कोकणातल्या खेड्यांतून मुले इथे शिकायला येतात. पालक आधी इमारत पाहतात, आणि ते साहजिक आहे. पण आपण शिक्षक मंडळी जाणतो की कॉलेजचा मुख्य कोण, आणि तो तिथे किती वर्षे टिकून काम करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून आज कोकणातल्याच एका मुलाची हकीकत सांगतो. हा मुलगा पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा. त्यांच्या नात्यातल्या एका तरुणाने या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला शिक्षणासाठी आपल्याजवळ मुंबईस नेले. तो तरुण म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. मुंबईनंतर परांजपे फर्ग्युसनमध्ये आले, आणि तिथून सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली केंब्रिजला गेले.

केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणतात. त्या काळी त्यांचे क्रमांक जाहीर होत आणि पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. १८९९ साली हा मान परांजप्यांना एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला. हे यश मिळवणारे ते पहिले भारतीय. आगबोटीने परत येणाऱ्या अशा तरुणाला सरकारी नोकरीत काय कमी होते? मोठा पगार, बंगला, मानमरातब, सगळे हात जोडून उभे होते.

पण परांजप्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. या संस्थेचे आजीव सभासद वीस वर्षे सेवा करण्याचे पत्करीत, आणि त्यांचा पगार पाऊणशे रुपयांच्या घरात असे. टिळक, आगरकर, गोखले हे सारे या संस्थेत राबलेले. परांजपे परतले आणि १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढची सुमारे दोन दशके त्यांनी त्या कॉलेजला दिली.

ऐकायला सोपे वाटते. वीस वर्षे एके ठिकाणी राहायचे म्हणजे निव्वळ गणित शिकवायचे नव्हे. लोकांचा रोषही पत्करावा लागतो. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. लोकमान्यांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडाडून टीका केली. आज आपले मन त्या तरुणांकडे धावते, आणि ते योग्यच आहे. देशाला तेव्हा तो जोम हवा होता. पण प्राचार्याच्या खुर्चीत बसून पाहा. कॉलेज चालायचे ते सरकारच्या मर्जीला धक्का न लावता. वर्गात शेकडो मुले, त्यांच्या परीक्षा, त्यांच्या घरच्यांच्या आशा. परांजप्यांनी संस्था वाचवण्याची बाजू घेतली आणि टीकेचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. त्यांचा निर्णय कोणाला पटो वा न पटो, त्यानंतरही ते तिथून हलले नाहीत, हे विसरता येत नाही.

त्यांची दृष्टी कॉलेजच्या कुंपणापाशी थांबली नाही. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात ते त्याचे कुलगुरू होते. १९२१ साली ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात फेटाळले गेले होते. परांजप्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १९२३ साली, मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. स्थानिक मंडळांनी शाळा चालवाव्यात आणि हळूहळू शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्याची योजना होती. तुमच्यापैकी ज्यांच्या गावात जुनी लोकल बोर्डाची शाळा होती, त्यांना हा इतिहास परका वाटू नये.

पुढे ते १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९४४ पासून तीन वर्षे ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. देवाधर्माच्या बाबतीत ते पक्के बुद्धिवादी. मनाला न पटलेले विधी त्यांनी कोणाच्या भीडेखातर केले नाहीत. ६ मे १९६६ रोजी, नव्वदी ओलांडून, त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, सीनियर रँग्लर दर वर्षी एक निघे. केंब्रिजने १९०९ नंतर तो क्रमांक जाहीर करणेही बंद केले. पण पाऊणशे रुपयांवर वीस वर्षे राहण्याचा शब्द देऊन तो पाळणारी माणसे दर वर्षी निघत नाहीत. तुमच्या तालुक्यात एखादी शाळा किंवा कॉलेज भरभराटीला आलेले दिसले, तर तिथे थोडी चौकशी करा. बदली, बढती, शहरातली जागा सोडून तिथेच राहिलेले कोणीतरी तुम्हाला बहुधा भेटेल. त्याच्या कामाची कदर त्याच्या हयातीतच करू या.