समीकरणाची लिपी आणि सर्वांचा नियम



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की, ही पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्यांची चर्चा आहे. खानदेशातल्या गृहस्थाला तिचे काय? आमचे म्हणणे असे की, या चर्चेवर आपला हक्क इतरांपेक्षा जुना आहे.

चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, अशी हकिगत त्यात आहे; लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा असून त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. आचार्यांचे जन्मगाव कोणते याविषयी विद्वानांत वाद आहेत. पण त्यांचे गणित शिकवण्यासाठी मठ निघाला तो आपल्या जिल्ह्यात, याविषयी वाद नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि लिहिताना ‘या’ एवढेच अक्षर घालीत. दुसरी अव्यक्त राशी आली तर ‘का’, म्हणजे कालक. तिसरी ‘नी’, म्हणजे नीलक. सुट्या संख्येला ‘रू’. आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर एक टिंब. लेखनिकाने हे टिंब गाळले की ऋणाचे धन झाले, कर्जदार सावकार बनला! पोथी दूरदेशी गेली तरी तिचा अर्थ टिकला, तो हे संकेत सर्वांनी सारखे पाळले म्हणून. संकेत कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. आज ज्याला ‘खुले मानक’ म्हणतात ते याहून निराळे नाही.

आता पोथीची जागा संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. पडद्यावर पान दाखवणाऱ्या कार्यक्रमाला ब्राउझर म्हणतात. फायरफॉक्स, क्रोम, सफारी ही त्याची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ आहेत. पाने लिहिण्याचे अनेक नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ठरवते. १९९८ मध्ये तिने समीकरणांसाठी ‘मॅथएमएल’ हे मानक जाहीर केले. त्याची रीत सोपी आहे. समीकरणाचे चित्र न काढता त्याची रचना सांगायची: हा अपूर्णांक आहे, वर हा अंश, खाली हा छेद, ही संख्या, आणि हा तिचा घात. आकृत्यांसाठी २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ आले. येथून येथवर रेषा, या मध्याभोवती इतक्या त्रिज्येचे वर्तुळ, असे त्यात लिहिलेले असते. म्हणून तापी-गिरणेचा नकाशा कितीही मोठा केला तरी नदीची रेषा फाटत नाही आणि गावाचे नाव अक्षररूपच राहते.

नियम झाले, छापले गेले. मग अडले कोठे? पाळण्यात.

आकृत्यांचे आधी पाहू. एसव्हीजी जाहीर झाल्यावरही मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने आपली निराळी पद्धतच चालू ठेवली. त्याच्या नवव्या आवृत्तीत, २०११ साली, एसव्हीजीला जागा मिळाली. दहा वर्षे गेली, पण तो प्रश्न सुटला.

समीकरणांची कथा अधिक लांबली. फायरफॉक्सच्या घराण्याने मॅथएमएल फार पूर्वीच स्वीकारले होते. क्रोमने जानेवारी २०१३ मध्ये एका आवृत्तीत ते घेतले आणि सुरक्षिततेचे कारण देऊन पुढच्याच आवृत्तीत काढून टाकले. पुन्हा ते आले जानेवारी २०२३ मध्ये. हे काम पुढे रेटले ते स्पेनमधल्या इगालिया या संस्थेने, इतर संस्थांच्या आर्थिक साहाय्यावर. इगालियाची मालकी तिथे काम करणाऱ्यांचीच आहे. सहकाराच्या या महाराष्ट्रात त्या गोष्टीचे कौतुक वेगळे सांगायला नको.

मधल्या दहा वर्षांत वाचकापुढे काय येत होते? ब्राउझरला मॅथएमएल कळत नसेल तर तो खुणा टाकून देतो आणि अंक तेवढे ओळीत मांडतो. दहाचा वर्ग ‘१०२’ दिसतो. एक-द्वितीयांश ‘१२’ दिसतो. पान कोरे राहिले असते तर वाचक सावध झाला असता. येथे पान भरलेले, अक्षर सुबक आणि उत्तर चुकीचे. औषधाची मात्रा अर्धा चमचा लिहिली असेल आणि पडद्यावर बारा दिसले, तर काय होईल याची कल्पना आपणच करावी. भास्कराचार्यांच्या पोथीतले गळलेले टिंब ते हेच.

यावर लोकांनी दोन उपाय काढले. पहिला मॅथजॅक्ससारख्या साधनांचा. पानाबरोबर आणखी एक कार्यक्रम उतरवायचा आणि त्याने समीकरण मांडायचे. तो उपयोगी पडला, आजही पडतो. पण जुन्या फोनवर आणि मंद जोडणीवर तो भार होतो. दुसरा उपाय समीकरणाचा फोटो चिकटवण्याचा. हा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत प्रचलित, आणि आमच्या मते सर्वांत घातक. फोटोतले समीकरण मुके असते. ते शोधून सापडत नाही, उतरवून घेता येत नाही, मोठे करावे तो धूसर होते. आणि अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते पानावर नसतेच. त्याचा संगणक पान मोठ्याने वाचत जातो, समीकरणापाशी येतो आणि ‘चित्र’ एवढे म्हणून पुढे जातो. बुद्धी असूनही त्या मुलाचे गणित तेथे संपते. मॅथएमएलमध्ये लिहिलेले समीकरण योग्य साधनाने ऐकवता येते, भागाभागांनी पुन्हा तपासता येते.

मराठी माणसाने हे दुखणे एकदा भोगले आहे. एके काळी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा असे. तो आपल्या संगणकात नसला की मराठीच्या जागी भलतीसलती चिन्हे उमटत. पुढे युनिकोड सर्वत्र रुजले, तेव्हा एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर वाचता येऊ लागले. अक्षराला जे मिळाले ते समीकरणाला मिळावे, एवढीच मागणी आहे. मॅथएमएल युनिकोडवरच उभे असल्यामुळे आपल्या शाळेतला ‘क्ष’ त्यात ‘क्ष’ म्हणूनच लिहिता येतो.

काही जण म्हणतात, बहुतेक लोक क्रोमच वापरतात. तेथे दिसले की झाले! या विचारात धोका आहे. पांझरेकाठची फड पद्धती येथे अनेकांना ठाऊक असेल. एक बंधारा, एक पाट, आणि पाण्याची पाळी सर्वांनी मिळून ठरवलेली. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे तो म्हणाला, ‘माझे भिजले, म्हणजे व्यवस्था चालली,’ तर आपण त्याला काय म्हणू? व्यवस्थेची परीक्षा शेवटच्या शेतावर होते. २०१३ मध्ये क्रोमने निर्णय फिरवला आणि त्याच्यावर विसंबलेल्या सर्वांचे पाणी दहा वर्षे तुटले. एकाच घरच्या मर्जीवर चालणारी सोय केव्हाही बंद होऊ शकते. सर्वांच्या नियमावर चालणारी सोय मोडायला सर्वांची संमती लागते.

२०२३ नंतर मुख्य ब्राउझरांत मॅथएमएलचा गाभा दिसू लागला आहे. प्रत्येक बारीकसारीक खूण सगळीकडे सारखी उमटते असे नाही, परंतु आता ब्राउझरकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. उरलेले काम आपले आहे. जळगाव-धुळ्याचे आमचे शिक्षक, प्राध्यापक आणि मुद्रक येथे बसले आहेत. त्यांना आमची विनंती आहे: महाजालावर गणित घालताना समीकरण लिहा, त्याचे चित्र चिकटवू नका. आकृती एसव्हीजीत काढा आणि ती काय दाखवते ते दोन ओळींत खाली लिहा. पान किमान दोन ब्राउझरांत आणि एका साध्या फोनवर उघडून पाहा. पालकांनी मुलाच्या फोनवरचे गणिताचे पान एकदा बोटांनी मोठे करून पाहावे. अक्षर स्वच्छ राहते आणि समीकरण धूसर होते, तर शाळेला विचारावे.

आणखी एक काम मराठी जाणणाऱ्यांवाचून होणार नाही. समीकरण मराठीत मोठ्याने कसे वाचावे? ‘क्ष वर्ग अधिक दोन’ आणि ‘क्ष अधिक दोन, सर्वांचा वर्ग’ यांतला भेद कानाला कसा कळावा? वर्गात शिक्षक आवाजाच्या चढउताराने तो दाखवतात. यंत्राला त्याचे नियम लिहून द्यावे लागतील. ते इंग्रजीचे भाषांतर करून साधणार नाही. ज्यांनी आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून मराठीत गणित सांगितले, त्या निवृत्त शिक्षकांनी चार जणांनी एकत्र बसून ही वाक्ये लिहावीत. गणित पुढच्यांना शिकता यावे म्हणून या जिल्ह्यात एका नातवाने मठ काढला होता. आपल्याकडे मागणे त्या मानाने फार थोडे आहे.