लिव्हरपूलचं आठ नंबरचं घर



लिव्हरपूल म्हटलं की फुटबॉल आणि बीटल्स आठवतात. पाहुणे अल्बर्ट डॉक बघतात. १८४६ सालची ही गोदामं आगीच्या भीतीने लाकूड टाळून लोखंड, वीट आणि दगडात बांधली. १९७२ साली डॉक बंद पडला. पुढे तिथे संग्रहालयं आली.

मला मात्र ब्रूम टेरेसवरच्या आठ नंबरच्या घराबद्दल बोलायचं आहे. विल्यम क्विलियम हे शहरातले वकील. १८८७च्या सुमारास इस्लाम स्वीकारून ते अब्दुल्ला झाले. १८८९ साली त्यांनी या घरात मशीद सुरू केली. इंग्लंडच्या अगदी पहिल्या मशिदींपैकी ही एक. तिथल्या जमातीने शाळा चालवली, 'द क्रेसेंट' साप्ताहिक काढलं, निराधार मुलांसाठी मदिना होम उघडलं.

१९०८ साली क्विलियम शहर सोडून गेले आणि मशीद बंद झाली. त्याच इमारतीत पुढे जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी होऊ लागल्या. भिंती टिकल्या, संस्था संपली.

स्थानिक मुसलमानांनी संस्था स्थापून, पैसे जमवून घर दुरुस्त केलं. २०१४ साली तिथे पुन्हा नमाज सुरू झाली. मध्ये शंभरहून जास्त वर्षं गेली.

आमच्या क्षेत्रात एखादी प्रणाली एकाच माणसाला कळत असेल, तर तो रजेवर गेला तरी धास्ती वाटते. संस्थांचंही तसंच. तुमच्या मोहल्ल्यातलं वाचनालय, अभ्यासिका आज कोण चालवतं? तो माणूस उद्या नसेल तर किल्ली कुणाकडे? हिशेबाची वही कुणाला वाचता येते?

घरी गेल्यावर एवढं नक्की विचारा.