नवा पिकअप दारात आला की

नवा पिकअप रिकामा पळवला की मागून उडतो आणि घेणाऱ्याचं मन खट्टू होतं. पण हा गाडीतला दोष नव्हे. मागचे पाटे टनभर ओझं पेलायला बसवलेले असतात; हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत. कांद्याच्या गोण्या भरा, तीच गाडी रस्ता धरून चालते. मात्र भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे पहिल्याच उतारावर कळतं. माल किती भरायचा? आरसी बुक पाहा. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल त्यात मालाबरोबर बसणाऱ्यांचंही वजन धरा. आणि एक कळकळीची विनंती, हौद्यात मजुरांना कधीही बसवू नका.