गावचे सांडपाणी : शेवटच्या घराचा प्रश्न



पिण्याचे पाणी घरापर्यंत यावे, ही ग्रामीण महाराष्ट्राची अनेक वर्षांची आकांक्षा. नळयोजनांनी ती पुष्कळ अंशी पूर्ण केली. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु घरात आलेले पाणी घराबाहेरही पडते, याचा विचार तेवढ्याच अगत्याने झाला नाही. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. त्या मानाने हजार लोकवस्तीच्या गावातून दररोज ४४ हजार लिटर पाणी बाहेर पडेल. विहिरीवरून हंड्याने पाणी आणले जात होते, तेव्हा हा प्रश्न एवढा मोठा नव्हता.

अनेक गावांनी यावर उघड्या गटाराचा उपाय योजला. गटाराने पाणी पुढे जाते. नाहीसे होत नाही. वरच्या आळीचे अंगण कोरडे होते आणि उताराच्या टोकाला डबके साचते. तेथे पुष्कळदा मजुरांची, भूमिहीनांची घरे असतात. घाण पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात व हत्तीरोगाचा प्रसार करतात. अंड्यापासून डास तयार होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून पाणी जेथे सांडते तेथेच ते जिरविणे, हा अधिक न्याय्य मार्ग होय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डासमुक्त गाव असा लौकिक मिळविला. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात मध्यभागी छिद्रे असलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, एवढीच ही रचना. मात्र डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून शोषखड्डा झाला तरी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळलाच पाहिजे.

शोषखड्ड्यालाही मर्यादा आहेत. मुरमाड जमिनीत पाणी लवकर जिरते. काळ्या चिकण मातीत ते तुंबते. विहीर वा हातपंपापासून तो निदान १० मीटर दूर असावा, आणि शौचालयाचे पाणी त्यात कदापि सोडू नये. साबणाचा मळ व खरकटे आत गेले की दगडांमधील पोकळी बुजते. म्हणून तोंडाशी गाळणी हवी आणि ती वरचेवर साफ व्हावी. जेथे जमीन पाणी घेत नाही, तेथे बंदिस्त नाली व गावाबाहेर स्थिरीकरण तळे हा पर्याय उरतो. त्यात सूर्यप्रकाश, शेवाळ व जीवाणू पाणी शुद्ध करण्याचे काम करतात. विजेची गरज पडत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. तथापि बांधकामाला निधी मिळाला तरी देखभालीला माणूस लागतो. गाळणी कोणी, केव्हा साफ करावी, हे ग्रामसभेत ठरावे. शिक्षकांनी मुलांकडून गावचा उतार व डबकी दाखविणारा नकाशा काढून घ्यावा. पंचायतीने तो नकाशा हाती घेऊन कामाचा आरंभ उताराच्या शेवटच्या घरापासून करावा. त्या घराचे अंगण कोरडे झाले, तरच गावची योजना पुरी झाली असे म्हणता येईल.